बावीस फुटांची मागणी

माणसाचं लहान आतडं साधारण बावीस फूट लांब असतं. शाळेत हे घोकून मी एक मार्क मिळवला होता, आणि त्यानंतर त्या आतड्याशी माझा काही संबंध उरला नव्हता. तो पुन्हा आला तो पाणीपुरवठा खात्याच्या भांडारात, पाइपाचा मागणी अर्ज भरताना. ‘लांबी’ या रकान्यात मी बावीस फूट लिहिलं. भांडारपालांनी चष्मा कपाळावर चढवला, अर्ज दोनदा वाचला आणि शांतपणे म्हणाले, "तुमच्या वडिलांचं दोन फूट काढलंय ना? मग वीसच मंजूर होतील."

मी त्या खात्यात नकाशे काढतो. शहराच्या खालून कुठली लाइन कुठून कुठे जाते, हे मला तोंडपाठ आहे. अर्थात कागदावर. माझ्या वडिलांनी त्याच लाइनींच्या चाव्या पस्तीस वर्षं फिरवल्या. रस्त्यातलं लोखंडी झाकण उचलायचं, लांब दांड्याची चावी खाली सोडायची, मोजून फेरे द्यायचे, की एका वस्तीच्या नळांना पाणी. लोक त्यांना चावीवाले म्हणत आणि सणासमारंभाला साहेबांच्या आधी त्यांना बोलवत. माझ्याविषयीचं आपलं मत त्यांनी कधी पोटात ठेवलं नाही. पाहुण्यांना माझी ओळख करून देताना ते सांगत, "हा नकाशे काढतो. त्यातून अजून कुणाला पेलाभर पाणी मिळालेलं नाही."

तीन आठवड्यांपूर्वी बाबांच्या आतड्याला पीळ पडला आणि तातडीने ऑपरेशन करावं लागलं. ते शुद्धीवर आल्यावर सर्जनबाईंनी पलंगाशी बसून नीट समजावलं, की खराब झालेला दोन फुटांचा तुकडा काढला, दोन टोकं एकमेकांना जोडली, आता काळजी नाही. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "टेस्टिंग केलंत का?"

सर्जनबाई हसल्या. तिथेच घात झाला.

पाण्याच्या खात्यात जोडाचा एक नियम असतो, आणि तो मोडणाऱ्याला बाबा माणसात धरत नाहीत. जोड दिला की खड्डा उघडा ठेवायचा, लाइनीत पाणी सोडून दाब द्यायचा, जोड कोरडा राहतो का बघायचं आणि मगच माती टाकायची. अख्ख्या नोकरीत ते साहेबाशी एकदाच भांडले, ते टेस्टिंगच्या आधी माती टाकली म्हणून. आणि आता खुद्द त्यांच्या पोटावर सतरा टाके घालून खड्डा बुजवलेला होता.

"जोड दिला, टेस्टिंग नाही, वरून माती टाकून मोकळे," घरी आल्यावर ते मला म्हणाले. "अशा लाइनीला मी पूर्ण दाब देणार नाही."

पूर्ण दाब म्हणजे जेवण. सकाळी दोन चमचे सूप, संध्याकाळी दोन, मधे घोट घोट पाणी, एवढ्यावर त्यांनी स्वतःला आणून ठेवलं. भूक लागत नव्हती असं नाही. माझी बायको स्वयंपाक करायला लागली की ते दाराकडे तोंड करून बसत आणि वास घेत. मला ते बघवत नसे.

दहा दिवसांनी वजन केलं तर सहा किलो उतरलेलं. सर्जनबाईंनी मला बाहेर बोलावलं आणि सांगितलं, की येत्या सोमवारी पुन्हा वजन करू, आणखी घटलं तर दाखल करून नाकातून नळी घालावी लागेल. "आणि या वयात पुन्हा दाखल झालेलं माणूस," त्या म्हणाल्या आणि पुढचं वाक्य त्यांनी सोडून दिलं. मला वाक्यं पुरी न करणाऱ्या लोकांची फार भीती वाटते.

आम्ही सगळे उपाय केले. मी समजावलं, मग चिडलो, मग अबोला धरला. बायको एकदा त्यांच्यासमोर रडली. पालथ्या घड्यावर पाणी. शेजारच्या काकूंना कळलं, म्हणजे सगळ्या इमारतीला कळलं. काकूंचे एक मेहुणे म्हणे नुसत्या दुधावर नव्वद वर्षं जगले. हे मेहुणे प्रत्येक आजारात येतात. आमच्या मुलीला कांजिण्या झाल्या तेव्हा ते कांजिण्यांतूनच बरे झाले होते.

वरच्या मजल्यावरचे सर मात्र गंभीरपणे आले. ते शाळेत जीवशास्त्र शिकवत. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी जिन्यात भेटले की घंटा व्हायची वाट बघत असल्यासारखं बोलतात. त्यांनी पचनसंस्थेचा गुंडाळलेला तक्ता आणला होता. "भीती अज्ञानातून येते," ते मला म्हणाले. "पचन समजलं की माणूस जेवतो. चाळीस वर्षांचा अनुभव आहे." त्यांनी तक्ता भिंतीवर टांगला आणि बाबांना तोंडापासून शेवटापर्यंत सगळा मार्ग छडीने दाखवला. अन्ननलिका, जठर, जठराच्या तळाचं दार, लहान आतड्याची वेटोळी, भोवतीने मोठं आतडं. बाबांनी लक्ष देऊन पाहिलं.

"हा पण नकाशाच," ते म्हणाले, आणि माझ्याकडे बघितलं.

त्या बघण्याने माझ्या जिवाला जे लागलं त्यातून पुढचं सगळं झालं. मी ठरवलं की पचनसंस्था चालवूनच दाखवायची. खरी, वाहती, जोडासकट. त्यांच्या डोळ्यांदेखत घास वरून घालायचा आणि खालून काढायचा, आणि जोड कोरडा ठेवायचा. म्हणजे टेस्टिंगही झालं आणि मलाही काहीतरी करता येतं हे त्यांना दिसलं. दुसरा हेतू मी बायकोला सांगितला नाही. तिला तो पहिल्याआधीच कळला होता.

तर, भांडार. गवंडी जमिनीची पातळी बघायला पाणी भरलेली पारदर्शक नळी वापरतात, तशी जुनी नळी आमच्या भांडारात वेटोळं करून पडलेली असते. मला तीच हवी होती, कारण आतून काय चाललंय ते दिसायला हवं. पण भांडारातून दोरा जरी न्यायचा तरी अर्ज लागतो, आणि अर्जाला रकाने असतात. ‘लाइन कुठून कुठे’ या रकान्यात काय लिहावं याचा विचार करत मी बराच वेळ उभा राहिलो. शेवटी ‘जठर ते मोठे आतडे’ असं लिहिलं. ‘लाभार्थींची संख्या’ याच्यापुढे एक.

वीस फुटांना मी कबूल झालो. भांडारपालांनी पुढचा रकाना दाखवला. "जुना काढलेला तुकडा जमा केल्याशिवाय बदली पाइप देता येत नाही."

"तो रुग्णालयात आहे," मी म्हणालो.

"मग तो तिथे असल्याचं त्यांचं पत्र आणा."

"अहो, त्याची त्यांनी विल्हेवाट लावली असेल."

"विल्हेवाटीचं पत्र आणा." हा माणूस थट्टा करत नाही. त्यांच्या मुलीच्या लग्नात खुर्च्या कमी पडल्या तेव्हा त्यांनी पाहुण्यांना मोजून उभं केलं होतं. मी आवाज चढवून काहीतरी बोलणार होतो. पण तोंडून भलतंच निघालं. मी म्हणालो, "बाबा जेवत नाहीत हो."

त्यांनी पेन खाली ठेवलं. नोकरीला लागल्यावर पहिली दोन वर्षं ते बाबांच्या हाताखाली झाकणं उचलायला होते, हे मला तेव्हा आठवलं. मग त्यांनी ‘बदली’ हा शब्द खोडला, त्यावर ‘चाचणीसाठी, परतीच्या बोलीवर’ असं लिहिलं आणि सही केली. "पण चाचणीला भांडारपाल हजर लागतो," ते म्हणाले. "शनिवारी दुपारी येतो. वही घेऊन."

घरी उरलेली पचनसंस्था जमवताना मी एकेकाचा शत्रू झालो. जठराला गरम पाण्याची रबरी पिशवी घेतली, ती काकूंची. मोठं आतडं रेषारेषांचं, फुगीर असतं, आणि धुण्याच्या यंत्राची सांडपाण्याची नळी हुबेहूब तशीच दिसते. ती मी काढली. तीन दिवसांचे कपडे टबात भिजत राहिले आणि बायको माझ्याशी फक्त कामापुरतं बोलू लागली. जठराच्या तळाच्या दाराला पितळी कॉक बसवला. सगळी मांडणी माझ्या नकाशाच्या फळ्यावर केली, कारण तो कलता ठेवता येतो. सर रोज येऊन चुका काढत. यकृत कुठाय. स्वादुपिंड कुठाय. "पित्ताशिवाय पचन दाखवणार असाल तर मला बोलावू नका," ते म्हणाले. पित्त चरबी फोडतं, म्हणून मी हिरवा भांडी घासायचा साबण एका बाटलीत भरून जठराच्या खाली जोडला. इतकी शास्त्रीय गोष्ट मी आजवर केली नव्हती.

आणि जोड. सरळ अख्खी नळी लावली असती तर काम सोपं होतं. पण मग बाबांना काय दाखवणार? मी नळी चौदाव्या फुटावर कापली आणि पुन्हा जोडली. सर्जनबाईंना कसं वाटलं असेल कोण जाणे.

शनिवारी दुपारी सगळे जमले. सर, काकू, भांडारपाल आणि त्यांची वही. बाबा खुर्चीत शाल घेऊन बसले होते. शालीखाली काही आहे की नाही असं वाटावं इतके ते आटले होते. मी छडी घेतली आणि प्रास्ताविक सुरू केलं. बाबा म्हणाले, "पाणी सोड."

उकडलेला बटाटा कुस्करून, तो दिसावा म्हणून बिटाचा रस घालून लाल केला होता. त्याचा गोळा मी वरच्या नरसाळ्यात टाकला. तो घशात अडकला.

"लाळ विसरलात," सर म्हणाले. "चावलंही नाहीत."

पाणी ओतलं. घास जठरात उतरला. "आता जठर घुसळतं," सर म्हणाले, "दोन ते चार तास." एवढा वेळ नव्हता. भांडारपालांनी अस्तन्या वर केल्या आणि रबरी पिशवी मळायला घेतली. ते मन लावून मळत होते. मग मी कॉक अर्धा फिरवला, साबणाचं पित्त सोडलं, आणि लाल लापशी पारदर्शक नळीत शिरली. काकू म्हणाल्या, "अगंबाई, गेलं." ते तीन फूट गेलं आणि थांबलं.

"थांबणारच," सर म्हणाले. "आतडं म्हणजे नुसता पाइप नव्हे. ते मागून आवळतं, पुढून सैल होतं. घास आपोआप जात नाही, त्याला ढकलावं लागतं."

"कोण ढकलणार?"

कोण ढकलणार याचं उत्तर असं निघालं, की आम्ही पाचही जण गुडघ्यांवर बसलो आणि प्रत्येकाच्या वाट्याला चार फूट आतडं आलं. भांडारपालांनी आवळून सरांकडे द्यायचं, सरांनी काकूंकडे, काकूंनी माझ्याकडे, मी बायकोकडे. चार दिवसांत पहिल्यांदा बायकोचा आणि माझा हात एका कामाला लागला होता. घामाच्या धारा लागल्या. सर धापा टाकत म्हणाले, "आणि हे सगळं पोटात चालू असतं, आपण झोपलो तरी. कुणी सांगत नाही, कुणी थांबवत नाही." त्यांचा आवाज मऊ झाला होता. चाळीस वर्षं शिकवलेलं त्यांनी बहुधा पहिल्यांदाच हाताने केलं होतं.

लापशी चौदाव्या फुटापर्यंत आली. माझ्याच हाताखाली जोड होता. मी आवळलं, लापशी जोडातून पार झाली, पलीकडे दिसली. जोड कोरडा. मी मान वर करून बाबांकडे पाहिलं. ते खुर्चीत पुढे झुकले होते. मला वाटलं, जिंकलो.

मग नळी फुगायला लागली. साबणाचा फेस झाला होता आणि त्याला पुढे जायला वाट मिळत नव्हती. आम्ही आणखी जोर लावला. जोड सुटला. लाल बटाटा आणि हिरवा फेस सरांच्या पांढऱ्या सदऱ्यावर, भांडारपालांच्या वहीवर आणि छतावर गेला. थोडा माझ्या चष्म्यावर आला, त्यामुळे पुढचं काही वेळ मला दिसलं नाही.

छतावरून एक थेंब पडला. मी चष्मा पुसला नाही, कारण त्यामागे डोळे भरून आले होते आणि ते कुणाला दाखवायचे नव्हते. जे दाखवायचं नव्हतं नेमकं तेच मी बाबांना, साक्षीदारांसमोर, सरकारी पाइपावर दाखवलं होतं. सोमवार परवावर आला होता.

तेवढ्यात खुर्ची करकरली. बाबा उठले होते. ऑपरेशननंतर ते कुणाचा हात धरल्याशिवाय पहिल्यांदाच उठले. भिंतीला धरत ते फळ्याशी आले, शेवटच्या टोकाशी वाकले आणि विचारलं, "पुढचं तोंड कुणी बंद केलं?"

बायको हळूच म्हणाली, "मी. बोळा घातला होता. गालिचा खराब होईल म्हणून."

"शेवट बंद ठेवून दाब दिला तर जगातला कुठला जोड टिकेल?" बाबा म्हणाले. ते तिच्यावर रागावले नव्हते. त्यांनी सुटलेली टोकं उचलली, बोटाने आतून चाचपली, नखाने खरवडली. "जोड कुणी दिला?"

"मी," मी म्हणालो.

"टोकं पुसून घेतली नव्हतीस. पण बोळा नसता तर टिकला असता." माझ्या कामाबद्दल एवढं बरं ते आजवर बोलले नव्हते. मी ते मनात लिहून ठेवलं.

सर सदरा झटकत म्हणाले, "अहो, पण हा मेलेला पाइप आहे. तुमच्या पोटातलं जिवंत आहे. ते स्वतःच स्वतःला सांधतं. रोज थोडं थोडं. फक्त त्याला सांधायला माल लागतो, आणि तो तुमच्या जेवणातूनच मिळतो."

बाबा टोकं हातात धरून उभे राहिले. "म्हणजे लाइन चालू केल्याशिवाय जोड पक्का होत नाही?"

"नाही."

"हे उलटंच आहे."

"उलटंच आहे," सर म्हणाले.

"मग हे डॉक्टरबाईंनी का नाही सांगितलं?"

"तीनदा सांगितलं, बाबा," मी म्हणालो. "माझ्यासमोर."

"तेव्हा मी जोडाचा विचार करत होतो." ते खुर्चीत जाऊन बसले. बराच वेळ पोटावर हात ठेवून होते. मग बायकोला म्हणाले, "तो बटाटा उरलाय का? बिटाशिवायचा?"

बायको आत धावली. वाडगं आलं. बाबांनी पहिला चमचा तोंडात घातला आणि चावला, सरांकडे बघत, किती वेळ ते मला ठाऊक नाही. मग दुसरा. चौथ्या चमच्याला ते थांबले. चार म्हणजे त्यांचं दिवसभराचं माप. त्यांनी पाचवा घेतला.

"आता टेस्टिंग," ते मला म्हणाले. "माझ्या कपाटात, मागे, फडक्यात गुंडाळलेली आहे. आण."

ती त्यांची सळई होती. हातभर पोलादी, वरच्या टोकाला लाकडी गोल मूठ. जमिनीखाली पाणी कुठे गळतंय ते शोधताना सळई पाइपावर टेकवायची आणि मूठ कानाला लावायची. लहानपणी मी एकदा तिला हात लावला होता, तेव्हा बाबा म्हणाले होते, खेळणं नाही ते. भांडारपालांनी सळईकडे पाहिलं. ती खात्याची होती. निवृत्तीच्या वेळी ती हरवल्याची नोंद बाबांनी करवून घेतली होती, अकरा वर्षांपूर्वी, बहुधा त्याच वहीत. भांडारपालांनी वही मिटली. "ओली आहे," ते म्हणाले. "आज काही लिहिता येणार नाही."

बाबांनी सदरा वर केला. टाक्यांच्या बाजूला, बरगडीखाली, घडी केलेलं फडकं ठेवलं आणि त्यावर सळईचं टोक स्वतःच्या हाताने धरलं. "मला हल्ली इतकं बारीक ऐकू येत नाही," ते म्हणाले. "तू ऐक."

मी गुडघ्यांवर बसलो आणि मूठ कानाला लावली. आधी माझीच धडधड ऐकू आली. "काय ऐकायचं, बाबा?"

"गळती असली की आवाज एकसारखा येतो. सूं करत राहतो, थांबत नाही. चालू लाइन थांबत थांबत बोलते. घाई करू नको."

मी ऐकत राहिलो. काकूंनाही एकही मेहुणा आठवला नाही. खूप वेळ काहीच नव्हतं. मग फार खोलवरून, कुणी खालच्या मजल्यावर जड पेटी सरकवावी तसा गुरगुर आवाज आला. आणि थांबला.

"थांबला," मी म्हणालो.

"थांबू दे."

पुन्हा आला. जरा पुढे, जरा डावीकडे. "आला," मी म्हणालो. "थांबला. आला, बाबा. पुढे सरकतोय."

बाबांनी मान डोलावली, पस्तीस वर्षं रस्त्यात उभं राहून डोलवायचे तशी, आणि रिकामं वाडगं बायकोपुढे केलं. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "ऐकून झालं ना?"

"अजून एकदा ऐकतो," मी म्हणालो.

त्यांनी सळई काढून घेतली नाही. बायको वाडगं भरून घेऊन आली तरी मी तसाच बसून होतो.